फेफऱ्याच्या गोळ्या : गुण, दोष आणि आपली लपवाछपवी

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी बोलावयास उभे राहणाऱ्या बाईने मंडळाचा गौरव करावा, दोन गोड शब्द बोलावेत आणि चहा निवण्यापूर्वी खाली बसावे, अशी रीत आहे. आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणाले, "मी गोळ्यांवर बोलणार आहे." त्या हसून म्हणाल्या, "कसल्या गोळ्या?" मी म्हणाले, "फेफऱ्याच्या." त्याबरोबर त्यांचे हसू मावळले, त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज अगदी हळू केला. त्यांना मी दोष देत नाही. मी स्वतः दहा वर्षे असाच आवाज हळू केला होता. त्या हळू केलेल्या आवाजाने काय होते, तेच आज मला आपणांस सांगावयाचे आहे.

मी डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे. येथे अंबाजोगाईत मुलींना मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली मी एक शिक्षिका. ह्या विषयाची मला माहिती झाली ती एका मुलीची आई म्हणून. आणि तीही वेळेवर नव्हे, चूक करून बसल्यावर. पुढे जे सांगणार आहे ते लेकीला विचारून सांगत आहे. ती म्हणाली, "आई, सांग. पण माझं कौतुक करू नकोस आणि तुझी चूक झाकू नकोस." त्या दोन्ही अटी मी पाळणार आहे.

२००५ सालची गोष्ट. माझी लेक तेव्हा आठवीत होती. सकाळची प्रार्थना चालू असता ती एकाएकी ओरडून खाली पडली. हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली, मग सारे अंग झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल हुंगवली, कोणी दातांत चमचा घातला. त्या चमच्याने तिचा पुढचा दात तुटला. दोनअडीच मिनिटांत झटका थांबला. पण माझ्या कानांत राहिले ते मागच्या रांगेतले कुणाचे तरी शब्द : "बाईंच्या पोरीला बाहेरचं काहीतरी आहे."

भगिनींनो, बाहेरचे काही नसते. जे असते ते डोक्याच्या आत, मेंदूत असते. मेंदूतील पेशी एकमेकींशी अगदी बारीक अशा विजेच्या खुणांनी बोलतात. मी मास्तरीण, म्हणून वर्गाचा दाखला देते. मुली एकेकीने बोलत असतात तोवर वर्ग नीट चालतो. साऱ्या एकदम ओरडू लागल्या म्हणजे कोणाचेच काम होत नाही. मेंदूतील पेशींनी असा एकदम गलका केला म्हणजे झटका येतो. कधी तो साऱ्या अंगाला येतो, कधी एका हातालाच येतो, कधी तर मूल पडतही नाही, नुसते काही क्षण टक लावून शून्यात पाहत राहते आणि आपण त्याला "लक्ष कुठं आहे?" म्हणून रागे भरतो. जन्माच्या वेळी बाळ गुदमरणे, डोक्याला मार लागणे, मेंदूचा ताप, अशी ह्याची अनेक कारणे आहेत. पट्टकृमीची अंडी घाणेरड्या हातांवाटे वा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात गेली तर त्यांच्या गाठी मेंदूत होतात आणि त्यांनीही झटके येतात. म्हणून हा रोग शाकाहारी घरातही होतो. कोथिंबीर, मेथी नीट धुवून घेणे हाही त्यावरचा एक उपाय होय. पुष्कळदा मात्र कारण सापडतच नाही. पण एवढे खरे की हा संसर्गाचा रोग नव्हे. झटका आलेल्या माणसाला हात लावल्याने तो कोणाला होत नाही.

आपल्या देशात हा रोग काही नवा नाही. चरकसंहितेत अपस्मार ह्या नावाने त्याचे वर्णन आहे. आज जगात सुमारे पाच कोटी माणसांना तो आहे, आणि भारतात एक कोटीहून अधिक लोकांना असावा असा अंदाज सांगतात. म्हणजे ह्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकीच्या ओळखीत एक तरी घर असे असणारच. आणि तरी आपल्याला एकही घर ठाऊक नाही! कारण प्रत्येक घराने दार लावून घेतले आहे.

आता गोळ्यांकडे वळते. पहिली गोष्ट ही की ह्या गोळ्या बहुतेकांना गुण देतात. योग्य औषध नियमाने घेतले तर दर दहा रोग्यांपैकी सुमारे सात जणांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सात जण शाळेत जाऊ शकतात, नोकरी करू शकतात, संसार करू शकतात. दुसरी गोष्ट ही की गोळी रोग मुळासकट उपटून काढीत नाही. वर्गात शिस्त राखणाऱ्या बाईप्रमाणे ती गलका होऊ देत नाही. बाई वर्गाबाहेर गेल्या की काय होते हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून गोळी रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागते. दोनतीन वर्षे एकही झटका आला नाही तर कित्येकांची गोळी डॉक्टर हळूहळू, काही महिने लावून, उतरवीत आणतात. कित्येकांना ती जन्मभर लागते. ते डॉक्टरांनी ठरवावयाचे, आपण नव्हे.

ही औषधे निरनिराळी आहेत, आणि प्रत्येकीचे दोषही निरनिराळे आहेत. सर्वांत जुने फिनोबार्बिटोन. ते १९१२ पासून वापरात आहे. स्वस्त आहे, झटके आवरते. परंतु त्याने सुस्ती येते, आणि लहान मुले कधी त्याने चिडखोर व चंचल होतात. दुसरे फेनिटॉइन, ते १९३८ पासूनचे. त्याने झोप कमी येते, पण वर्षानुवर्षे घेतल्यास हिरड्या वाढून दातांवर येतात, मुलींच्या तोंडावर व अंगावर लव वाढते, हाडे ठिसूळ होतात. शिवाय त्याची मात्रा थोडीशी जरी जास्त झाली तरी चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसू लागतात. असे झाले तर दारू प्यालेल्यासारखी का चालतेस म्हणून बाईला हिणवू नये, दवाखान्यात न्यावे. तिसरे कार्बामाझेपिन, त्याने सुरुवातीस गरगरते आणि रक्तातील मीठ कमी होऊ शकते.

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन ह्या तिन्हींबाबत एक गोष्ट मात्र पदराला गाठ मारून ठेवा. औषध सुरू झाल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत अंगावर लाल पुरळ उठले, ताप आला, तोंडात वा डोळ्यांत फोड आले, तर ती गोवर समजून कडुनिंबाचा पाला घालून बसू नका. क्वचित होणारी, पण जीवावर बेतणारी ही गोष्ट आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठले पाहिजे.

चौथे सोडियम व्हॅल्प्रोएट. अनेक प्रकारच्या झटक्यांवर ते फार गुणकारी आहे. माझ्या लेकीला हेच दिले होते, आणि खरे सांगते, तीन महिन्यांत तिचे झटके थांबले. त्यामुळे मी त्या गोळीला देवच मानले. पण त्याने वजन वाढते, केस गळतात, हात थरथरतात, पाळी अनियमित होते. क्वचित यकृतावर परिणाम होतो, तेव्हा सतत उलट्या, पोटात दुखणे, डोळे पिवळे होणे ही लक्षणे दिसली तर थांबू नये. आणि त्याचा सर्वांत मोठा दोष आहे तो गर्भावर. त्याविषयी पुढे बोलते. पाचवे लेव्हेटिरासिटाम, हे अलीकडचे. त्याचे उपद्रव कमी, परंतु काही जणांना त्याने फार राग येतो, रडू येते, मन उदास होते. ह्या सगळ्याच औषधांवर असताना कोणाला जीव नकोसा वाटू लागला तर ते नशिबाचे रडगाणे समजू नये. लगेच डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते.

इतके दोष ऐकून आपणांपैकी कोणी म्हणेल, "मग बाई, ही गोळी घ्यावी तरी कशाला?" ह्याचे उत्तर माझ्या घरी घडले.

लेकीच्या गोळ्या सुरू झाल्यावर मी पहिले वर्षभर तिला डॉक्टरांकडे नेले. त्यानंतर मला लाज वाटू लागली. दवाखान्याच्या बाकावर गावातले कोणी ना कोणी भेटे आणि "लेकीला काय झालंय?" असे विचारी. मी ठरवले, झटके येत नाहीत ना, मग जायचे कशाला? जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या आणीत राहिले. मुलीचे वजन वाढले, केस गळू लागले, पाळी तीनतीन महिने येईना. हे सारे गोळीचे असू शकेल हे मला कळत नव्हते, आणि ज्यांना कळले असते त्यांच्याकडे मी जात नव्हते. वय वाढते आहे, असे म्हणून मी तिचे समाधान करी. गोळ्यांचे पाकीट फाडून मी त्या शक्तीच्या गोळ्यांच्या बाटलीत भरून ठेवी. मोलकरणीला कळू नये, भाडेकरूला कळू नये, म्हणून एवढी तयारी.

२०१५ मध्ये तिचे लग्न ठरले. स्थळ केज तालुक्यातले, मुलगा शिकलेला, माणसे सालस. तिने मला दोन वेळा विचारले, "आई, त्यांना सांगायचं ना?" मी म्हणाले, "आठ वर्षांत झटका नाही. आता सांगून मोडायचंय का?" सासरी जाताना ती बाटली मी तिच्या पेटीच्या तळाशी, शालूच्या घडीत ठेवली.

लग्नघर म्हणजे काय असते ते आपणांस सांगावयास नको. जागरण, उपवास, गोंधळ, देवदर्शन, खोलीत सदा दहा बायका. नव्या सुनेने सगळ्यांदेखत पेटी उघडून गोळी घ्यावी कशी? पहिल्या दिवशी राहिली, दुसऱ्या दिवशी राहिली. पाचव्या दिवशी पहाटे तिला झटका आला. तो थांबतो न थांबतो तोच दुसरा, मग तिसरा; मध्ये शुद्ध अशी आलीच नाही. गोळी एकाएकी बंद केली म्हणजे हे असे होते, आणि त्यात माणूस दगावू शकतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले. सासरच्या लोकांनी तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात आणले. तेथल्या डॉक्टरांनी विचारले, "हिला पूर्वी कधी झटके येत होते का? काही औषध चालू आहे का?" घरचे बिचारे म्हणाले, "नाही." कारण त्यांना ठाऊकच नव्हते. मी पोहोचेपर्यंत दोन तास डॉक्टर अंधारात चाचपडत होते. तो अंधार मी केलेला होता.

दोन दिवसांनी ती शुद्धीवर आली. मी विहीणबाईंच्या पाया पडावयास वाकले, तशी त्यांनी मला हाताला धरून उठवले. बाई अक्षरशत्रू, पण काय बोलल्या ते ऐका : "बाई, पोरगी गोळी खाती म्हणून सांगितलं असतं तर म्या रोज तांब्याभर पाणी नेऊन दिलं असतं. फेफऱ्याचा मला राग न्हाई. तुम्ही आमच्या दारात मरण झाकून धाडलं, त्याचा राग हाय." तीस वर्षे मी मुलींना सत्याचे धडे शिकवले, मला मात्र तो त्या दिवशी मिळाला.

ह्यानंतर आम्ही सारे जण, विहीणबाईंसह, मेंदुविकाराच्या डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी पहिल्याने व्हॅल्प्रोएटचे नाव ऐकले आणि विचारले, "मूल केव्हा हवे आहे?" मला तो प्रश्न आगाऊपणाचा वाटला. मग त्यांनी समजावून सांगितले. एरवी शंभर बाळांत दोनतीन बाळांना जन्मतः मोठे व्यंग असते. आईने गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतले असेल तर हे प्रमाण शंभरात दहाच्या घरात जाते. पाठीचा कणा उघडा राहणे, ओठ वा टाळू दुभंगणे, हृदयाचे दोष, हे त्यातले. शिवाय अशा दहा मुलांपैकी तीनचार मुलांना पुढे बोलणे, शिकणे, समजणे ह्यांत अडचण येऊ शकते. इंग्लंडात २०१८ पासून मूल होण्याच्या वयातील स्त्रीला हे औषध देण्यावर कडक बंधने घातली आहेत. ज्या गोळीला मी देव मानले होते तिचे हे दुसरे रूप माझ्या लेकीच्या पोटच्या गोळ्यावर आले असते, आणि ते मला कळलेही नसते. कारण दहा वर्षांत मी कोणाला काही विचारलेच नव्हते.

डॉक्टरांनी काही महिने लावून व्हॅल्प्रोएट उतरवीत नेले आणि लेव्हेटिरासिटाम चढवीत नेले. हे सोपे गेले असे मात्र मी म्हणणार नाही. औषध बदलण्यातही जोखीम असते. मध्ये तिला एक झटका आला. शिवाय ती भारी चिडू लागली. ताट आपटी, जावयांवर ओरडे. रोग लपवलेलाच असता तर नवी सून तोंडाळ निघाली, एवढाच त्याचा अर्थ झाला असता. पण विहीणबाईंना ठाऊक होते. त्यांनीच तिला दवाखान्यात नेले आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "ही अशी नव्हती, गोळीनं झालीय." मात्रा बदलली आणि राग ओसरला. गर्भ राहण्यापूर्वीच फॉलिक ॲसिडची गोळी सुरू झाली. २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. नात आता शाळेत जाते, माझे गणित तपासते.

म्हणून आता बायकांसाठी म्हणून चार गोष्टी वेगळ्या सांगते. दिवस राहिले हे कळताच घाबरून आपल्या मनाने गोळी बंद करू नका, कोणतीही असली तरी. पडल्याने, लागोपाठ झटके आल्याने आई आणि बाळ दोघांनाही धोका होतो. गोळी बदलावयाची ती गर्भ राहण्यापूर्वी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि राहिलाच असेल तर त्याच आठवड्यात त्यांना भेटावे. बहुतेक औषधांवर बाळाला अंगावर पाजता येते, तेही विचारून घ्यावे. दुसरे, फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ह्यांमुळे माला-डी सारख्या पाळणा लांबविण्याच्या गोळ्यांचा जोर कमी होतो. अशा बाईने तांबी वा दुसऱ्या साधनाविषयी विचारावे. तिसरे, काही जणींना पाळीच्या आसपास झटके अधिक येतात. तारखा लिहून ठेवून डॉक्टरांना दाखवाव्यात. चौथे, उपवास. आपल्या योगेश्वरीच्या नवरात्रात आपण नऊ दिवस उपवास करतो, रात्री जागवतो. जागरण आणि चुकलेली गोळी ही दोन्ही झटक्याला आमंत्रणे होत. गोळीने उपवास मोडत नाही. आई योगेश्वरी दोन घोट पाण्यावर रागावणारी नाही.

आता आपल्या जिल्ह्याची म्हणून एक गोष्ट. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. नवराबायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल. माझ्याकडे उन्हाळ्यात कामाला येणारी एक बाई अशीच जात असे. तिला फेफरे होते. दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या मिळत. पण फडावर सहा महिने काढायचे. गोळ्या संपत आल्या तशी ती दोनाऐवजी एक घेऊ लागली, मग एका दिवसाआड एक. गोळीचे नाव तिला ठाऊक नव्हते; ती तिला 'पांढरी गोळी' म्हणे. पांढऱ्या गोळ्या दुकानात शंभर प्रकारच्या असतात. पहाटे खोपीसमोर चूल पेटवताना तिला झटका आला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी तिला म्हणाले, "अगं, टोळीतल्या कोणाला तरी सांगून ठेवायचं." ती म्हणाली, "मुकादमाला कळलं तर उचल देत न्हाई, बाई. फेफऱ्याचा कोयता कोण घेतो?"

भगिनींनो, मी लाजेपोटी लपवले, तिने पोटापोटी लपवले. माझी चूक होती, तिची चूक म्हणावयास माझी जीभ धजत नाही. पण चूल दोघींना सारखीच भाजते.

लपविण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे लग्न. ह्या बाबतीत कायदा काय म्हणतो तेही ऐका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि वारंवार अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र, असे शब्द त्यात आले. ते शब्द १९९९ साली काढून टाकण्यात आले. म्हणजे आज फेफरे हे लग्नाच्या आड येणारे कारण कायद्याने राहिलेले नाही. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक केली, असा वाद त्याच कायद्याखाली उभा राहू शकतो. कायद्याने रोगाला क्षमा केली, लपविण्याला केली नाही. माझ्या विहीणबाई आणि कायदा एकच बोलले! पुण्यात यशोदा वाकणकर ह्यांनी, ज्यांनी हा आजार स्वतः भोगला आहे, 'संवेदना' नावाचा मदतगट उभा केला आणि अशा मुलामुलींची लग्ने सर्व उघड सांगून जुळविण्याचेही काम केले. तेव्हा सांगून लग्न होत नाही, हे खरे नव्हे.

आणखी एक सावधगिरी. 'फेफरे मुळापासून बरे करू' असे सांगून पुड्या विकणारे आपल्या आठवडी बाजारातही येतात. अपस्मार बरा करण्याची अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कित्येकदा अशा पुड्यांत फिनोबार्बिटोनच कुटून घातलेले आढळले आहे. म्हणजे औषध तेच, पण किती घातले ते कोणास ठाऊक नाही. आणि पुडीवाला निघून गेला की गोळी एकाएकी बंद!

एखादीला आपल्यासमोर झटका आलाच तर काय करावे? तिला कुशीवर वळवावे, डोक्याखाली पदर वा चादर ठेवावी, चूल, पाणी, विळी दूर सारावी, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये. कांदा-चप्पल हुंगवू नये. हातपाय दाबून धरू नयेत. बहुतेक झटके दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांहून अधिक चालला, एकामागून एक येऊ लागले, बाई गरोदर असली, किंवा झटका पाण्यात आला, तर १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावे. शुद्धीवर येईतो कोणीतरी जवळ बसावे आणि बघ्यांना पांगवावे.

आपल्याला उपचारासाठी फार दूर जावे लागत नाही, हेही भाग्य समजा. अंबाजोगाईतच स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नावाचे ग्रामीण सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. मुंबईचे डॉ. निर्मल सूर्या ह्यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राज्याच्या आरोग्य खात्याबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत ह्या रोगाची शिबिरे घेतली आहेत. दवाखाना आहे, गोळी आहे. कमी आहे ती मोकळ्या तोंडाची.

म्हणून शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. दरवर्षी दसऱ्यापूर्वी आपल्यापैकी दोघीदोघींनी वस्तीवर जावे. ज्या घरात फेफऱ्याची गोळी चालू आहे तेथे तीन कामे करावीत. गोळीचे नाव, मात्रा आणि वेळ एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावी व रिकामे पाकीट त्याला टाचावे, म्हणजे परमुलखात तीच गोळी मिळेल. फडावर जाणाऱ्या बाईबरोबर दवाखान्यात जाऊन पुढच्या महिन्यांच्या गोळ्यांची सोय डॉक्टरांकडून करून घ्यावी. आणि टोळीतल्या तिच्या विश्वासाच्या एका तरी बाईला, तिच्याच संमतीने, झटका आल्यास काय करावे ते शिकवावे. ह्याला वर्गणी लागत नाही, व्यासपीठ लागत नाही. आणि कोणाचे नाव आपल्या तोंडून बाहेर फुटणार नाही, एवढी शपथ मात्र लागते. कारण आपण बोलावे म्हणजे चावडीवर बोलावे असे नव्हे. डॉक्टरांना सांगावे, घरच्यांना सांगावे, जिच्या शेजारी कोयता चालतो तिला सांगावे.

गोळीचे दोष मी आपणांपासून लपवले नाहीत. ते आहेत, आणि काही मोठे आहेत. पण सांगितलेल्या दोषावर डॉक्टरांना इलाज करता येतो. शालूच्या घडीत झाकलेल्या बाटलीवर कोणालाच करता येत नाही.

माझी लेक आज ह्याच सभागृहात, तिच्या सासूबाईंच्या शेजारी बसली आहे. आता साडेआठ वाजत आले, तिच्या गोळीची वेळ झाली. तिच्या सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केलेला मला येथून दिसतो आहे. तेव्हा मी येथेच थांबते.